वहीत नाव कोणाचं? तुकोबांच्या दुष्काळापासून फार्मर आयडीपर्यंत

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

‘भरपाई जमा झाली का?’ हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर आपल्याकडे पारावर, सेतू केंद्राच्या रांगेत, चाकणच्या कांदा मार्केटात सगळीकडे ऐकू येतो. गंमत अशी की ज्या निकषांवरून हे पैसे येतात, त्यात पिकाची भरपाई देण्याची कल्पनाच नाही. तिथला शब्द आहे ‘निविष्ठा अनुदान’. निविष्ठा म्हणजे बी-बियाणं, खतं, औषधं. पाण्यात गेलेल्या पिकाची किंमत सरकार देत नाही, पुढच्या पेरणीला हातभार म्हणून काही रक्कम देतं. आपण त्याला भरपाई म्हणतो, आम्ही पेपरवालेही मथळ्यात भरपाईच छापतो, आणि मग खात्यात आलेला आकडा बघून माणूस चिडतो.

आकडा बघा. केंद्राच्या सध्याच्या निकषात जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये आहेत. तेही पीक किमान ३३ टक्के गेलं असेल तरच, आणि दोन हेक्टरपर्यंतच. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. म्हणजे जिरायतीला गुंठ्याला ८५ रुपये. तळवड्यात गुंठ्याचा भाव लाखांत बोलतात, आणि त्याच गुंठ्यातलं पीक गेलं तर पंच्याऐंशी रुपये.

रक्कम कमी का, यावर खूप लिहून झालंय. पुढेही लिहिलं जाईल. मला त्याहून जुना प्रश्न छळतो. हे पैसे कोणाच्या नावावर येतात, आणि त्याच्याच नावावर का येतात? त्याचं उत्तर शोधत मागे गेलो तर थेट शेजारच्या देहूला पोचलो.

१६३० ते १६३२ चा दुष्काळ. दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांत माणसं आणि जनावरं पडली. देहूत तुकोबांचं घर खाऊनपिऊन सुखी होतं, घरात महाजनकी होती, दुकानदारी आणि सावकारी होती. परंपरा सांगते की त्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला, धंदा बसला. त्यानंतर लोकांकडून येणं असलेली कर्जखतं भावाबरोबर निम्मी-निम्मी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं वारकरी परंपरा मानते. ज्या पाण्यावर आज आपण फेस बघतो, त्याच पाण्यात. कर्जमाफीची इतकी जुनी आठवण आपल्या पंचक्रोशीत दुसरी नाही, आणि ती सरकारने दिलेली नव्हती.

सरकार तेव्हा काय करत होतं? शहाजहान बादशहा त्या काळात बऱ्हाणपूरला तळ देऊन होता. मुमताज महल १६३१ मध्ये तिथेच वारली. बादशहानामा सांगतो की बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत अशा ठिकाणी लंगर घातले गेले, दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले आणि बादशाही खालशाच्या मुलखात सुमारे सत्तर लाखांचा सारा सोडला. आकड्यांतला फरक लक्षात घ्या. हातात दिला एक लाख, सोडून दिला सत्तर लाखांचा सारा. जे येणारच नव्हतं ते सोडलं, असंही म्हणता येईल. आपल्या पुण्याच्या मुलखाला त्यातलं काही लागू नव्हतं. आपण निजामशाही-आदिलशाहीच्या ओढाताणीत होतो, आणि त्याच सुमारास मुरार जगदेवाने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला.

म्हणजे जुन्या राजवटींत मदतीचे प्रकार तीन होते. पोटाला लंगर, साऱ्यात सूट किंवा तहकुबी, आणि तगाई. तगाई हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडात होता. बी, बैल, अवजार यासाठी सरकारने दिलेलं कर्ज. ओसाड जमीन लागवडीला आणायची तर ‘इस्तावा’ असायचा, म्हणजे पहिल्या वर्षी सारा अगदी कमी आणि मग दरवर्षी थोडा थोडा वाढत जाणार. दादोजी कोंडदेवांच्या काळात उजाड पुणे परगणा पुन्हा वसवला तो याच पद्धतीने.

यातलं एक पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. ५ सप्टेंबर १६७६ ला शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं. त्याचा मथितार्थ असा, की गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याच्याकडे शेत करायला माणूसबळ आहे पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणे नाहीत, त्याला बैलासाठी रोख पैसे द्या, खायला दाणे द्या. वसूल करताना वाढीदिढी लावू नका, मुद्दलच, तेही त्याला जसं झेपेल तसं हळूहळू घ्या. यासाठी लाख-दोन लाख लारी खर्च झाला तरी हरकत नाही.

महाराजांचं पत्र म्हटलं की आपण व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो आणि मोकळे होतो. जरा प्रशासनाच्या नजरेने वाचा. मदत कोणाला द्यायची याची कसोटी तिथे काय आहे? जमीन कोणाच्या नावावर आहे ही नाही. शेत करण्याची ताकद कोणात आहे आणि त्याला काय कमी पडतंय, ही आहे. सुभेदाराने जाऊन बघायचं आहे ते कसणाऱ्याला. अर्थात हेही कर्जच होतं, दान नव्हतं, आणि राज्याला सारा हवा म्हणून जमीन लागवडीखाली यायला हवी, हा हिशेबही त्यात होताच. पण माणूस शोधायची रीत वेगळी होती.

ती रीत बदलली इंग्रजांच्या काळात. आणि बदलाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी केली, ती फसली. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी-आकारणी केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला आकार, आणि प्रत्येक आकारापुढे एक नाव. तो खातेदार. तीस वर्षं आकार बदलायचा नाही. पीक आलं काय, न आलं काय, आकार ठरलेला. साहेबांचा युक्तिवाद असा, की आकार हलका आहे, चांगल्या सालात शेतकऱ्याने शिल्लक टाकावी आणि वाईट सालात त्यातून भरावं. पगारी माणसाला सुचणारा विचार आहे हा.

आज आपण जो सातबारा काढतो तो या वहीचाच नातू. गाव नमुना ७ हक्काचा, गाव नमुना १२ पिकाचा. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. त्यातलं नाव आपल्याला मालकीचा पुरावा वाटतं, पण मुळात ते नाव ‘सारा कोणाकडून वसूल करायचा’ याचं उत्तर होतं. पुढचं सगळं यातून निघतं, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

तीस वर्षं संपली आणि १८६७ ला इंदापुरातूनच फेरआकारणी सुरू झाली. सारा भरमसाट वाढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वर गेलेला कापसाचा भाव तोवर कोसळला होता. शेतकरी सावकाराकडे गेला. मग १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात जे झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे, दख्खनचे दंगे. लोकांनी सावकारांच्या घरांतून खतं, रोखे बाहेर काढले आणि जाळले. हाणामारी त्या मानाने कमी झाली, राग होता तो कागदावर. देहूचे कागद पाण्यात गेले, सुप्याचे आगीत.

पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे असा दर लावला. आपल्या इलाख्यात लोकांनी कामं सोडून जाऊन त्याला विरोध केला. त्याला भारतातला एक सुरुवातीचा संप म्हणायला हरकत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. म्हणजे त्या काळचे पंचनामेच म्हणा, फक्त लोकांनी केलेले. त्यानंतर स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला. १८८० च्या अहवालाने पहिल्यांदा ठरवलं की दुष्काळात माणसं जगवणं हे सरकारचं काम आहे आणि त्याचे नियम आधीच लिहून ठेवले पाहिजेत. त्यातून फॅमिन कोड आले. १८८३ ला जमीन सुधारणेसाठी कर्जाचा कायदा, १८८४ ला शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा. आजोबांची तगाई ती या दोन कायद्यांतली. जमिनीच्या तारणावर मिळायची, आणि थकली की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल व्हायची. तारणाला जमीन नसेल तर तगाईही अवघडच. याच सुमाराला जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते, यात नवल नाही.

आता येते आणेवारी.

पीक किती आलं हे रुपयात मोजायचं. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. निम्मं आलं तर आठ आणे. हे मोजायचं कशासाठी? शेतकऱ्याचं किती गेलं ते कळावं म्हणून नाही. यंदाच्या साऱ्यापैकी किती वसूल करायचा आणि किती तहकूब करायचा हे ठरवण्यासाठी. गुजरातेतला खेडा जिल्हा तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात. १९१७ ला तिथे पावसाने पीक गेलं, हो, अतिवृष्टीनेच. नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब करता येतो. शेतकरी म्हणाले, चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणाले, नाही, जास्त आहे. गांधीजी आणि वल्लभभाई पटेलांचा १९१८ चा खेडा सत्याग्रह हा मुळात या नजरअंदाजावरचा वाद होता. बघणारा कोण, आणि त्याने काय बघितलं? त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी केसरीतून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांमार्फत गावोगाव हेच सांगितलं होतं, की फॅमिन कोडात तुमचे हक्क लिहिलेले आहेत, ते मागा. सरकारला ते इतकं झोंबलं की १८९७ ला सभेची मान्यताच काढून घेतली. नियम लोकांना वाचून दाखवणं हाच गुन्हा. पत्रकारितेच्या डिप्लोमात हा धडा नव्हता, असायला हवा होता.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे गेले, पैसे आले. आणेवारीची पैसेवारी झाली. बोलण्यात मात्र आजही आणेवारीच. रेषा चार-सहा आण्यांवरून सरकत पन्नास पैशांवर आली. पैसेवारी हंगामी, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा जाहीर होते. ती गावाची असते, माझ्या-तुमच्या शेताची नाही. ओढ्याकाठचं तुमचं शेत खरवडून गेलं आणि माळावरचं दुसऱ्याचं चांगलं आलं, तर पैसेवारी दोघांना एकच.

आणि पन्नास पैशांच्या आत आल्यावर मिळायचं काय? जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, लागेल तिथे टँकर, शेतीपंपाची वीज न तोडणं. यादी नीट वाचा. जवळजवळ सगळं ‘सध्या मागत नाही’ या जातीचं. शहाजहानचे सत्तर लाख आठवतात. जमीन महसुलाचा आकडा तर आता इतका किरकोळ आहे की त्यातली सूट चहाच्या बिलाएवढी भरते.

या सगळ्या इतिहासात एकच मोठा अपवाद आहे, आणि तो आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी बघितलाय. बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडायची कामं, पाझर तलाव, नालाबंडिंग, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर एका वेळी जवळपास पन्नास लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना या दिवसांत राज्यभर गेली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा नंतर आला. बहात्तरच्या कामाला जाताना सातबारा लागत नव्हता. कुदळ आणि हात लागत होते. खातेदार असो, कूळ असो, शेतमजूर असो, बाई असो, माती टाकली की मजुरी. त्या कामांत हाल होते, मुकादमाची चोरी होती, उन्हात मेलेली माणसं होती, कोणी त्याचं गोड चित्र रंगवू नये. पण सारा-वहीतलं नाव ही अट मदतीपासून सुटली ती तेव्हाच. कामाची मदत हाताला चिकटते. रोख मदत परत वहीकडे गेली.

रोख मदत म्हणजे आजची. १९९० पासून नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांना आपत्ती निवारणासाठी ठरावीक निधी मिळू लागला, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर २०१० पासून तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधी झाला. महाराष्ट्रासाठी त्यात केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५ टक्के. २०१५ पर्यंत नुकसान ५० टक्के असेल तरच पैसे मिळत. त्या वर्षी गारपिटीनंतर ती अट ३३ टक्क्यांवर आली आणि जिरायतीचा दर ४,५०० वरून ६,८०० झाला. नंतर ८,५००.

राज्याने यात वेळोवेळी भर घातली, पण त्या भरीचं गणित राजकारणाच्या हवेवर. २०१९ च्या अवकाळी पावसात राष्ट्रपती राजवट होती, राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० आणि फळबागांना १८,००० जाहीर केले. २०२० ला जिरायत-बागायत दोन्हींना १०,०००. २०२२ ला निकषाच्या दुप्पट, म्हणजे १३,६००, २७,००० आणि ३६,०००, आणि मर्यादा तीन हेक्टर. २०२५ च्या खरिपासाठी परत ८,५०० आणि दोन हेक्टर. मग सप्टेंबरात मराठवाड्यात हाहाकार उडाला आणि ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात मूळ दरावर हेक्टरी दहा हजार जास्तीचे, म्हणून जिरायतीला १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि वर रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत. गुंठ्याचा हिशेब आपला आपण करा, जिरायतीला १८५ रुपये. एकाच नुकसानीची किंमत कोणत्या साली नुकसान झालं यावर ठरते, हे शेतकऱ्याला कसं समजवायचं?

आता आपल्या गावाकडे या. तळवडे १९९७ ला महापालिकेत गेलं. एका बाजूला आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी, नदीपलीकडे चाकण एमआयडीसी. तरी नदीकाठाला, मोकळ्या पडलेल्या तुकड्यांत पिकं आहेतच. चाकण, खेड, मावळच्या बाजूला तर भरपूर आहेत. ती कोण करतं? ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यातले अनेकजण आता गाळे भाड्याने देतात, ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, नोकरीत आहेत. शेत कसतो तो दुसराच. कोणी वाट्याने, कोणी निम्म्याने, कोणी सालाच्या खंडाने. त्यात मराठवाड्यातून कंपनीच्या कामाला आलेली आणि काम सुटल्यावर शेतीकडे वळलेली कुटुंबंही मला भेटली आहेत.

बी त्याचं, खत त्याचं, डिझेल त्याचं, रात्री मोटार चालू करायला उठणारा तो. पाऊस पडला, पीक गेलं. पंचनाम्याला तलाठी येतात (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), कृषी सहायक येतात. गावात ग्रामपंचायत असेल तर ग्रामसेवकही. शेतात उभा असतो वाटेकरी. तोच बांध दाखवतो, तोच कुजलेला कांदा उचलून दाखवतो. यादीत नाव जातं सातबारावरच्या माणसाचं. त्याचा फार्मर आयडी, त्याची ई-केवायसी, त्याचं खातं. सामाईक खातं असेल तर भाऊ-बहिणींची संमतीपत्रं, म्हणजे आणखी दोन महिने. निविष्ठा अनुदान ज्याने निविष्ठा विकत आणल्या त्याला मिळत नाही. १८३६ च्या वहीला विचाराल तर हे बरोबरच आहे. सारा ज्याच्याकडून घ्यायचा, सूट त्यालाच द्यायची. पण आता सूट नाही देत आपण, पेरणीचा खर्च देतोय. पैशाचं कारण बदललं, वही तीच राहिली.

मग वाटेकऱ्याचं नाव कागदावर का येत नाही? याचं कारण पुन्हा इतिहासातच, आणि ते एका चांगल्या कायद्यात आहे. १९४८ चा कूळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसेल त्याची जमीन झाली. (आणे गेले तोच दिवस, योगायोग.) लाखो कुळं मालक झाली, त्यातली कित्येक घरं आपल्याच भागातली आहेत. पण त्याची दुसरी बाजू अशी की त्यानंतर कोणीही शेत कसायला देताना लिहून देत नाही. ‘कूळ लागेल’ ही भीती तीन पिढ्यांनंतरही जिवंत आहे. जिथे गुंठ्याचा भाव लाखांत आहे तिथे तर विचारूच नका. व्यवहार तोंडी, वाटा खळ्यावर, कागद शून्य. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली, शेतात उभं राहून फोटो काढायचा. बऱ्याच ठिकाणी फोटो वाटेकरीच काढतो, मालकाच्या नावाने.

मालकांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. वाटेकऱ्याचे पैसे प्रामाणिकपणे काढून देणारे मालक मी बघितलेत. निम्मे ठेवणारेही बघितलेत. आणि ‘कसले पैसे, आलेच नाहीत’ म्हणणारेही. तिन्ही ठिकाणी वाटेकऱ्याच्या हातात काय पडतं ते मालकाच्या मनावर, कायद्यावर नाही.

इतर राज्यांत यावर काही झालंय. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये खंडाने कसणाऱ्यांना ओळखपत्र देणारा कायदा केला, २०१९ मध्ये त्याजागी नवा आणला. मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांचं कार्ड. त्याने जमिनीवर कसलाही हक्क येत नाही, पण पीककर्ज, विमा, नुकसानीची मदत मागता येते. अडचण तिथेही तीच, मालक सही द्यायला कचरतो. ओडिशाने २०१८ च्या डिसेंबरात ‘कालिया’ योजना आणली, त्यात वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबंही धरली. निती आयोगाच्या समितीने २०१६ मध्ये सगळ्या राज्यांसाठी नमुना कायदाही लिहून दिला. मालकाचा हक्क सुरक्षित ठेवून कसणाऱ्याचं नाव लिहिता येतं, एवढं तरी यातून दिसतं. कूळकायद्याला धक्का न लावता पीक पाहणीतच ‘यंदा कोणी केलं’ एवढा एक रकाना मदतीपुरता धरता येईल का, यावर आपल्या आमदार-खासदारांनी बोलावं असं मला वाटतं. निवडणुकीत कर्जमाफीवर सगळे बोलतात. वाटेकऱ्याला कर्जच मिळत नाही, तेव्हा त्याला माफी कसली?

एक विनंती. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत आजोबांच्या तगाईच्या पावत्या, बहात्तरच्या कामाचे मजुरीचे कागद, आणेवारीवर तहसिलीत दिलेले अर्ज असं काही असेल तर मला दाखवा, फोटो पाठवा. आणि २०२५ ला ज्यांनी शेत वाट्याने केलं होतं, त्यांनी मालकाकडून किती पैसे हातात आले ते सांगा. नाव छापणार नाही, मालकाचंही आणि तुमचंही. तळवडे, चिखली, मोशी, देहू आणि नदीपलीकडच्या गावांची यादी मी करतोय. सार्वजनिक सभेने १८७६ ला केली होती तशी, जमेल तेवढी.